तिघांपैकी कुणालाच सगळं येत नाही

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ अशी आपल्याकडे म्हण आहे आणि शुभकार्याला तिघांनी मिळून निघू नये असं मानणारी घरं अजूनही आहेत. अद्भुतरम्य व्हिडिओ गेमच्या जगात मात्र रीत उलटी आहे. तिथे तिघं जमल्याशिवाय कामाला हातच लागत नाही. एक तलवार चालवणारा, एक मंत्रविद्या जाणणारा, आणि तिसरा कधी जखमा भरून काढणारा, कधी कुलपं उघडणारा, कधी नुसतंच न डगमगणारं काळीज असलेला. देश बदलतो, कंपनी बदलते, राक्षसांची नावं बदलतात, पण हे त्रिकूट गेली पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा भेटत राहतं. असं का, याची दोन उत्तरं सहज दिली जातात. एक, तीन हा आकडा सगळ्याच पुराणकथांत पवित्र आहे. दुसरं, गेम बनवणारे एकमेकांचं पाहून करतात. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरं मुद्द्याच्या अलीकडेच थांबतात. माझं म्हणणं असं, की ही त्रिकुटं टिकली ती तिघांच्या गुणांमुळे नव्हे, त्यांच्या उणिवांमुळे. एका सर्वगुणसंपन्न वीराचे मुद्दाम तीन तुकडे केलेले असतात आणि कोणत्या तुकड्याला काय येणार नाही, हे आधी ठरवलेलं असतं. ती उणीव खरी असते तोवर त्रिकूट जिवंत राहतं. ती नावापुरती उरली की त्रिकुटाची नुसती नक्षी होते.

याची सुरुवात पडद्यावर नाही, टेबलावर झाली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्रांची कल्पनाशक्ती एवढ्यावर चालणारा हा खेळ. त्यात पात्रांचे वर्ग तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि देवाचा सेवक असलेला उपदेशक. त्या नियमांत लक्ष वेधून घेते ती मनाईची यादी. मांत्रिकाला चिलखत चालत नाही आणि हत्यार म्हणून फक्त खंजीर. पहिल्या पायरीवर त्याला दिवसाकाठी एकच मंत्र मिळतो. तो वापरला की उरलेला दिवस त्याने इतरांच्या पाठीमागे उभं राहायचं. उपदेशकाला धारदार शस्त्र वर्ज्य, आणि मंत्रही पहिल्या पायरीवर नाहीच, तो दुसऱ्या पायरीपासून. योद्ध्याला सगळी शस्त्रं, सगळी चिलखतं खुली, पण मंत्राचं दार कायमचं बंद. म्हणजे तिघांच्या व्याख्या ‘काय येतं’पेक्षा ‘काय येत नाही’ याने जास्त स्पष्ट होतात. पुढच्याच वर्षी एका पुरवणीतून चोर हा चौथा वर्ग आला. पुढे अनेक गेमनी उपदेशकाला वगळून चोराला आत घेतलं आणि योद्धा, मांत्रिक, चोर असं नवं त्रिकूट रूढ झालं. पात्रं बदलली, आकडा तसाच राहिला. नुसती नक्कल असती तर आकड्याबरोबर माणसंही तीच राहिली असती.

जपानमधलं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे एकट्या वीराचं त्रिकूट होताना आपल्याला जवळजवळ तारखेनिशी पाहता येतं. १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये वीर एकटाच होता. तलवार त्याचीच, मंत्रही त्याचेच. जानेवारी १९८७मध्ये दुसरा भाग आला आणि त्या एका वीराच्या वंशातली तीन मुलं पुढे आली. पहिल्या राजपुत्राच्या अंगी बळ आहे, पण त्याला एकही मंत्र येत नाही. राजकन्येकडे मंत्र भरपूर, पण शरीर नाजूक. दुसरा राजपुत्र या दोघांच्या मधला, दोन्ही थोडं थोडं येणारा. पूर्वजात जे सगळं एकत्र होतं, ते वारसांत वाटलं गेलं. हे तिघं आयते हातात मिळत नाहीत, हेही महत्त्वाचं. दुसऱ्या राजपुत्राच्या शोधात खेळाडू एका ठिकाणी जावा तर तो नुकताच तिथून निघून गेलेला असतो. असं करत करत अखेर तो एका गावच्या धर्मशाळेत भेटतो, आणि तोही आपल्यालाच शोधत फिरत होता असं कळतं. राजकन्या तर शापाने कुत्री झालेली असते, तिला आरसा दाखवून माणसात आणावं लागतं. तोवर पहिल्या राजपुत्राने एकट्याने जितके घाव सोसलेले असतात, तितकी त्या दोघांची किंमत खेळाडूला कळलेली असते.

त्याच जानेवारीत, बारा दिवस आधी, ‘द लेजंड ऑफ झेल्डा’चा दुसरा भाग जपानमध्ये आला होता. गेमच्या पुराणकथांत सर्वांत प्रसिद्ध त्रिकूट याच मालिकेचं : लिंक नावाचा हिरव्या अंगरख्यातला मुलगा, झेल्डा ही राजकन्या आणि गॅनॉन हा शत्रू. हायरूल नावाच्या राज्यात ‘ट्रायफोर्स’ ही तीन सोनेरी त्रिकोणांची दैवी वस्तू आहे. एक त्रिकोण सामर्थ्याचा, एक प्रज्ञेचा, एक धैर्याचा. हे तीन त्रिकोण आज जगभर टी-शर्टांवर दिसतात आणि ते पहिल्यापासून तीनच होते असं वाटतं. प्रत्यक्षात शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८६मध्ये पहिला भाग केला तेव्हा त्यात दोनच त्रिकोण होते. सामर्थ्याचा गॅनॉनने पळवलेला, आणि प्रज्ञेचा त्याच्या हाती लागू नये म्हणून झेल्डाने आठ तुकडे करून लपवलेला. लिंककडे स्वतःचं काहीच नव्हतं. तो तुकडे गोळा करणारा, दुसऱ्याच्या गोष्टीत धावपळ करणारा मुलगा होता. धैर्याचा त्रिकोण दुसऱ्या भागात जन्माला आला. लिंक सोळा वर्षांचा होत असताना त्याच्या हाताच्या पाठीवर एक खूण उमटते, आणि जुन्या एका राजाने हा तिसरा त्रिकोण योग्य माणूस येईपर्यंत दडवून ठेवला होता, हे कळतं. सहा महालांतल्या सहा मूर्तींत स्फटिक बसवून खेळाडू शेवटच्या महालात पोचतो तेव्हा त्याच्यासमोर अखेरचा शत्रू म्हणून उभी राहते ती लिंकची स्वतःची सावली. सामर्थ्य चोरता येतं, प्रज्ञा लपवता येते. धैर्याची राखण मात्र आपलीच सावली करते. गेमच्या इतिहासात याइतकी नेमकी कल्पना मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

या त्रिकुटाचा नियम पुरा स्पष्ट झाला १९९८च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये. तिथे तीन देवी जग निर्माण करतात. डिन भूमी घडवते, नायरू तिला नियम देते आणि फारोरे जीव घालते, आणि जाताना मागे ट्रायफोर्स ठेवतात. जो त्याला स्पर्श करील त्याच्या मनात तिन्ही बळं समतोल असतील तर ते अखंड त्याचं होतं. नसतील तर ते फुटतं. स्पर्श करणाऱ्याच्या हाती फक्त तोच तुकडा राहतो ज्यावर त्याचा सर्वांत जास्त विश्वास आहे, आणि उरलेले दोन नियतीने निवडलेल्या दोघांकडे जातात. गॅनॉनडॉर्फ, म्हणजे मानवी रूपातला गॅनॉन, हात लावतो, ट्रायफोर्स फुटतं, आणि आपल्यासारखेच दोन अपुरे वारसदार तो स्वतःच्याच हाताने निर्माण करतो. इथे शत्रू बाहेरचा नाही. तो त्याच त्रिकोणाचा एक कोन आहे, आणि देवींच्या लेखी त्याचा तुकडा इतरांच्या तुकड्यांइतकाच पवित्र आहे. वीर आणि खलनायक यांची अशी वाटणी साध्या चांगल्या-वाईटाच्या गोष्टीत करता येत नाही. तिच्यासाठी तीनच लागतात.

आणि हा नियम केवळ सांगितलेला नाही, तो हाताने अनुभवायला लावला आहे. गेमच्या शेवटाजवळ गॅनॉनडॉर्फचा मनोरा कोसळू लागतो आणि लिंक व झेल्डा यांना तीन मिनिटांत खाली पोचायचं असतं. वाटेत लोखंडी गजांची दारं आहेत. तोपर्यंत लिंकच्या पोतडीत धनुष्य आहे, बाँब आहेत, हातोडा आहे, सर्वश्रेष्ठ तलवारही आहे, पण त्या गजांवर यातलं काही चालत नाही. झेल्डा हात पुढे करते तेव्हाच ते वर सरकतात. एका मजल्यावर आगीचं कडं झेल्डाभोवती पेटतं आणि हाडांचे सैनिक चालून येतात. तिथे तिची विद्या थिटी पडते आणि लिंकलाच तलवार उपसावी लागते. खाली वेळ सरत असतो. कुणी कुणाला ‘आपण एकमेकांना पूरक आहोत’ असं सांगत नाही. गज वर जाण्याची वाट पाहत खेळाडू जो अर्धा क्षण थांबतो, त्यात ते सांगितलं जातं.

या तीन गुणांच्या निवडीत मला एक गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. पूर्व आशियात गुणांचं एक जुनं त्रिकूट आहे. कन्फ्यूशियन परंपरेत प्रज्ञा, करुणा आणि धैर्य हे तीन सद्गुण एकत्र सांगितले जातात. जपानच्या सम्राटपदाची तीन पवित्र चिन्हं आहेत : आरसा, रत्न आणि तलवार. त्यांचा प्रचलित अर्थही अनुक्रमे हाच लावला जातो. आरसा इसेच्या मंदिरात, तलवार नागोयाच्या आत्सुता मंदिरात आणि रत्न टोकियोच्या राजवाड्यात ठेवलेलं असतं. १ मे २०१९ रोजी नारुहितो सम्राट झाले तेव्हाही तलवार आणि रत्न झाकलेल्या पेट्यांतच समोर आणले गेले. आता हे त्रिकूट ट्रायफोर्सशेजारी ठेवून पाहा. प्रज्ञा आहे, धैर्य आहे. करुणा मात्र नाही, तिच्या जागी सामर्थ्य बसलं आहे. मियामोतोंनी आरसा-रत्न-तलवार समोर ठेवूनच ट्रायफोर्स घडवलं, असा माझा दावा नाही. पण जपानी वाचकाला परिचित असलेल्या जागी ही पोकळी पडते आणि तिचा परिणाम संपूर्ण मालिकेवर दिसतो. हायरूलमध्ये करुणा कुणा एकाच्या वाट्याला आलेली नाही, म्हणून ती वेळोवेळी कुणीतरी नव्याने आणावी लागते. २००२च्या ‘विंड वेकर’मध्ये तिन्ही त्रिकोण अखेर जुळतात. गॅनॉनडॉर्फ हात पुढे करतो, पण त्याच्या आधी हायरूलचा वृद्ध राजा ते स्पर्शतो आणि आपलंच बुडालेलं राज्य कायमचं पाण्याखाली जावं, पोरांना नवं भविष्य मिळावं, एवढंच मागतो. तीन बळं मिळून जे मिळालं, ते चौथ्याच गुणाने खर्ची घातलं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जुन्या यंत्रांची स्मरणशक्ती तोकडी होती, पडद्यावर चार-दोन आकृत्याच मावत, म्हणून तीन पात्रं ठेवली आणि मागाहून त्यावर पुराण रचलं, एवढंच हे आहे, असं कुणी म्हणेल. उगमापुरतं हे खरं असू शकतं. पण अडचण संपल्यावरही रीत टिकली, तर तिचं कारण अडचणीत शोधून भागत नाही. २०११च्या ‘स्कायरिम’ला आकृत्यांची कसलीही टंचाई नव्हती. तरी प्रवासाच्या सुरुवातीलाच रिव्हरवुड गावाजवळ तीन उभ्या शिळा भेटतात : योद्धा, मांत्रिक आणि चोर. ज्या शिळेला स्पर्श कराल त्या गटातली कौशल्यं वीस टक्के अधिक वेगाने वाढतात. अठरा कौशल्यं, सहा-सहाचे तीन गट. या गेमच्या जगात आकाशही तसंच आखलेलं आहे. तीन रक्षक तारकासमूह, प्रत्येकाच्या आश्रयाला आणखी तीन, आणि या बारांच्या मागे फिरणारा तेरावा सर्प. टेबलावरच्या खेळातला वर्गांचा नियम इथे ज्योतिषशास्त्र झाला आहे. मात्र माझ्या मते याच गेममध्ये त्रिकूट क्षीणही होतं. शिळा केव्हाही बदलता येते आणि एकच माणूस चिलखत घालून मंत्र म्हणत कुलूपही फोडू शकतो. काहीच मना नाही, म्हणून कुणाची गरजही नाही. आकाशात तीन रक्षक राहिले, जमिनीवर एकच सर्वज्ञ वीर उरला.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. शोधलं तर तीन कुठेही सापडतात. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल यांच्यावर हाच आरोप झाला. भारोपीय समाजांच्या पुराणकथांमागे धर्मसत्ता, युद्ध आणि समृद्धी अशी तीन कार्यांची रचना आहे, असा त्यांचा सिद्धांत. पांडवांनाही तो लावला गेला. स्वीडिश अभ्यासक स्टिग विकांदेर यांनी १९४७मध्ये मांडणी केली आणि द्युमेझिल यांनी ती पुढे नेली : युधिष्ठिर धर्माचा, भीम-अर्जुन युद्धाचे, आणि विराटाघरी घोडे व गाई सांभाळणारे नकुल-सहदेव समृद्धीचे. पाचांचे तीन करायचे म्हणजे थोडी ओढाताण आलीच, हे आपल्याला लगेच जाणवतं. म्हणून गेमच्या बाबतीत मी आकड्याला पावित्र्य देत नाही. चौघांची त्रिकुटाइतकीच गाजलेली उदाहरणं आहेत. डिसेंबर १९८७च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’त प्रकाशाचे चार योद्धे चार स्फटिकांसाठी निघतात. पण तिथे चौघांना एकाच वर्गाचं ठेवलं तरी खेळ चालतो. चार हा पृथ्वी, आग, पाणी, वारा यांचा आकडा आहे, माणसांच्या परस्पर गरजेचा नाही. दोघं असले की रस्सीखेच होते आणि कोण वरचढ एवढाच प्रश्न उरतो. चौघांत जोड्या पडतात. तिघांत मात्र कुणीही दोघं एकत्र आले तरी तिसऱ्याचा विचार करावाच लागतो. दगड-कागद-कात्री खेळणाऱ्या लहान मुलांनाही हे ठाऊक असतं. जपानी लोकपरंपरेत याला ‘सान्सुकुमि’ म्हणतात : साप, बेडूक आणि बिनशंखाची गोगलगाय समोरासमोर आले तर प्रत्येकाला एकाची भीती आणि एकावर मात, त्यामुळे कुणीच हलत नाही. हायरूलमध्ये हजारो वर्षं जे चाललं आहे ते थोडंफार हेच आहे.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी मात्र त्रिकूट मुद्दाम काढून टाकल्यावर काय झालं, ही आहे. १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळांत तीन भूमिका पक्क्या बसल्या होत्या : राक्षसाचा राग स्वतःवर ओढून घेणारा ‘टँक’, जखमा भरणारा ‘हीलर’ आणि घाव घालणारे बाकीचे. वॉरक्राफ्टमध्ये पाच जणांच्या टोळीत एक टँक, एक हीलर, तीन घाव घालणारे, हा हिशोब ठरलेला. हीलर मिळेपर्यंत ताटकळत बसणं हे या खेळांचं जुनं दुखणं. २०१२मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’ने ते मुळातून काढायचं ठरवलं आणि प्रत्येक पात्राला स्वतःला बरं करण्याची विद्या दिली. कुणाची वाट पाहायला नको. कल्पना उदार होती. पण २०१५च्या अखेरीस दहा-दहा जणांच्या अवघड मोहिमा आल्या, तेव्हा शत्रूला अंगावर घेणारा एक आणि सगळ्यांना सांभाळणारा एक, या भूमिका त्यात परत आल्याच. ‘ओव्हरवॉच’ या ऑनलाइन खेळाने तर २०१९मध्ये प्रत्येक संघात तिन्ही भूमिकांचे दोन-दोन खेळाडू असं बंधनच घातलं. प्रसंग सोपा असेल तर प्रत्येकाला सगळं येणं परवडतं. तो कठीण झाला की कामं वाटून घ्यावी लागतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : अशा साच्यांत माणसं कैद होतात. बळ पुरुषाकडे, शुश्रूषा स्त्रीकडे. मुलगा धावणार, राजकन्या सुटकेची वाट पाहणार. याला बचाव नाही. जिच्या नावावर मालिका आहे त्या झेल्डाला मुख्य मालिकेतल्या गेमची नायिका म्हणून खेळता येण्यासाठी २६ सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला. अडतीस वर्षं. पण त्या ‘एकोज ऑफ विज्डम’मध्ये काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. तिच्या हाती लिंकची तलवार देऊन मोकळे झाले नाहीत. तिला दिली वस्तूंच्या प्रतिकृती उभ्या करणारी काठी. ती टेबल उभं करते, पलंगावर पलंग रचून कड्यावर चढते, हरवलेल्या राक्षसाचीच प्रतिकृती आपल्या बाजूने लढायला पाठवते. तलवारीची ताकद तिला मध्येच उसनी मिळते, तीही थोड्या वेळापुरती. साच्याचा दोष गुणांच्या वाटणीत नव्हता. एका गुणाला गोष्टीचा मालक केलं आणि दुसऱ्याला बक्षीस, हा खरा दोष होता. प्रज्ञेला तिच्याच पद्धतीने लढू दिलं तेव्हा ती तलवारीपेक्षा वेगळी आणि तितकीच समर्थ निघाली.

घरातलं पोर हातात कंट्रोलर घेऊन पात्र निवडायला बसलं असेल, तर ‘याला काय काय येतं?’ हे विचारू नका, ते पडद्यावर लिहिलेलंच असतं. याला काय येत नाही आणि मग ते कोण करतं, हे विचारा. उत्तर त्याला पाठ असेल, आणि ते सांगताना तो इतर दोघांची ओळख तुम्हाला करून देईल.